उसण भरली त्या दिवसाचा कागद

प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या दाण्याची बॅग २५ किलोची येते. पॅलेटवरून ती उचलायची, वळायचं आणि हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या नरसाळ्यासारख्या तोंडात, रिकामी करायची. पाळीत अशा किती बॅगा झाल्या, ते हजेरीपत्रकात कुठेच लागत नाही. एखाद्या बॅगेला कमरेत कळ येते. कामगार म्हणतो, "उसण भरली." शेजारचा हात देतो, सुपरवायझर कपाटातला स्प्रे आणतो आणि पाळी कशीबशी पुरी होते. तिसऱ्या सकाळी अंथरुणातून उठवत नाही, डावा पाय टाचेपर्यंत बधिर झालेला असतो. मग दवाखाना गाठतात आणि केस पेपरवर पहिली ओळ पडते: 'तीन दिवसांपासून कंबरदुखी.'

कामगारांबरोबर भरपाईचे दावे तयार करताना आम्हाला सगळ्यात जास्त नडलेली ओळ हीच. पुढे एमआरआय होतो, मणक्यातली चकती सरकलेली दिसते, कधी ऑपरेशनही होतं. पण ते दुखणं कामामुळे आलं की आपोआप, हे विचारायची वेळ येते तेव्हा सगळे जण मागे वळून हाच कागद बघतात. त्यावर बॅग नसते, कारखाना नसतो, वेळ नसते.

कायदा पाठदुखीची भरपाई देत नाही, अपघाताची देतो. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८, म्हणजे आपलं ईएसआय, आणि कर्मचारी भरपाई कायदा १९२३ या दोन्हींत दारं दोनच आहेत: कामावर असताना व कामामुळे झालेला अपघात, किंवा तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, नाव असलेला व्यवसायजन्य रोग. त्या अनुसूचीत शिसं, पारा, बेंझिन, सिलिकोसिस, आवाजाने आलेलं बहिरेपण हे सगळं आहे. पाठ, खांदा, मनगट, गुडघा यांची झीज नाही. १९२३ च्या कायद्याचं कलम ३(४) तर स्पष्टच सांगतं की अनुसूचीबाहेरचा आजार एखाद्या ठरावीक अपघाती इजेतून थेट उद्भवला असेल तरच भरपाई. त्यामुळे उसण भरली तो क्षण 'अपघात' म्हणून नोंदला गेला पाहिजे. त्याला तारीख हवी, वेळ हवी, जागा हवी, वजन हवं.

एक खुलासा आधीच करतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आणि पुढे येणाऱ्या कारखाने कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा संहिता अमलात आली, आणि कलमांचे क्रमांक बदलले. आमच्या हातातली प्रकरणं त्याआधीच्या अपघातांची असल्याने इथे जुनेच क्रमांक दिले आहेत. तुमच्या अपघाताची तारीख बघा आणि अर्जावर कोणतं कलम घालायचं ते त्यावरून ठरवा.

पहिल्या दिवशी काय करायचं? कारखान्यात अपघात नोंदवही असते, ईएसआयचा नमुना ११. तिच्यात नोंद करायला कामगाराने स्वतः सांगायचं, आणि जमिनीवर पडलेला असेल तर सोबत्याने सांगायचं. वही मिळाली नाही तर साध्या कागदावर दोन प्रती लिहा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर त्याच पाळीत सुपरवायझरच्या आणि एचआरच्या मोबाइलवर पाठवा. मजकूर असा असावा: 'आज अमुक तारखेला दुसऱ्या पाळीत सायंकाळी ५.४० वाजता, मशीन क्रमांक ७ जवळ, पॅलेटच्या सर्वांत खालच्या थरातली २५ किलोची दाण्याची बॅग उचलून वळताना कमरेत अचानक कळ आली. बॅग हातातून सुटली. अमुक आणि तमुक सहकारी जवळ होते.' एवढंच. 'रोज जड काम करून करून कंबर गेली' हे वाक्य खरं असतं, पण ते या कागदावर लिहू नका. त्या एका वाक्याने अपघाताची झीज होते आणि झिजेला अनुसूचीत जागा नाही.

ही सूचना मिळाली की मालकाने नमुना १२ मध्ये अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखा कार्यालयाला पाठवायचा असतो. तो आता पोर्टलवर भरला जातो. त्याची छापील प्रत मागून घ्या आणि 'अपघात कसा झाला' हा रकाना वाचा. तिथे 'पाठीत दुखत असल्याची तक्रार' एवढंच असेल तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या.

दवाखान्यातला केस पेपर हा दुसरा कागद, आणि खरं तर पहिल्याइतकाच वजनदार. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि कामगार सांगतो, "कंबर दुखतेय." उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. "काल सायंकाळी कंपनीत पंचवीस किलोची बॅग उचलताना कळ आली, तेव्हापासून दुखतंय," असं सांगा आणि ते लिहून घ्यायची विनंती करा. डॉक्टर नाही म्हणत नाहीत. गर्दीत घाई असते, म्हणून राहून जातं. आधी कधी कंबर दुखली होती का, असं विचारलं तर खोटं बोलू नका. दोन वर्षांपूर्वी चार दिवस दुखली, औषधाने बरी झाली, त्यानंतर नियमित कामावर होतो, हे जसंच्या तसं सांगा. लपवलेलं जुनं दुखणं पुढे जुन्या केस पेपरातून बाहेर येतं आणि तेव्हा खरं सांगितलेलंही खोटं ठरतं.

इथेच बऱ्याच ठिकाणी दबाव येतो: "घरी पडलो म्हणून सांग, खासगी हॉस्पिटलचं बिल आपण भरू." त्यामागचं कारण समजून घ्या. कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखाने कायद्याच्या कलम ८८ नुसार तो अपघात कारखाना निरीक्षकाला कळवावा लागतो. नोंद टळली की चौकशी टळते. बिल भरलंही जातं, पहिलं. दुसऱ्या महिन्यात फिजिओथेरपीचे पैसे खिशातून जायला लागतात, सुट्टी बिनपगारी होते आणि केस पेपरवर तर 'घरी पडून इजा' असं आपल्याच तोंडून लिहून झालेलं असतं. ती ओळ पुसून काढायला आम्हाला साक्षीदार, गेटची नोंद, त्या पाळीचं उत्पादनपत्रक असं सगळं उभं करावं लागतं, आणि तरी हमखास यश येत नाही.

ईएसआयवाल्या कामगाराला एक आधार आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. कलम ५१अ म्हणतं की अपघात कामावर असताना झाला हे दिसलं, तर उलट पुरावा नसेल तोवर तो कामामुळेच झाला असं धरायचं. म्हणजे 'कामावर असताना' एवढं कागदावर पक्कं केलं की उरलेलं खोडून काढायचा भार समोरच्यावर जातो.

आता एमआरआय. अहवालात बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या किंवा त्याखालच्या चकतीचं नाव असतं आणि बरोबर एक शब्द असतो: 'डिजनरेटिव्ह', म्हणजे झिजेचा. शाखा कार्यालय असो की विमा कंपनीचा वकील, बोट त्याच शब्दावर येतं. पस्तिशी-चाळिशीनंतर काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही असे बदल दिसतात. म्हणून इलाज करणाऱ्या डॉक्टरांकडून दोन ओळींचं मत मागायचं: या घटनेआधी रुग्ण नियमित काम करत होता का, आणि सध्याची लक्षणं (पाय उचलताना येणारी कळ, अंगठ्यातली कमजोरी, बधिरपणा) घटनेनंतर सुरू झाली का. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच सांगून ठेवलं आहे की आधीचा आजार असला तरी कामाच्या ताणाने त्याला हातभार लागला किंवा तो बळावला, तर कामाशी संबंध सिद्ध होतो. तो खटला हृदयविकाराचा होता, पण तत्त्व मणक्यालाही लागू पडतं. आम्ही तो निकाल प्रत्येक फायलीला जोडतो.

वजनाचा पुरावा मोजून द्यावा. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेचं उचलण्याचं सूत्र यासाठी कामाला येतं. मोजपट्टी, वजनकाटा आणि दहा मिनिटं पुरतात. आदर्श स्थितीत २३ किलो ही मर्यादा धरायची आणि प्रत्यक्ष स्थिती जितकी वाईट तितकी ती कमी करत जायची. घोट्यांपासून हातांचं आडवं अंतर ५० सेंटीमीटर असेल तर गुणक २५ भागिले ५०, म्हणजे ०.५. उचलताना हात जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर असतील तर ७५ मधून १५ वजा, उरले ६०, त्याला ०.००३ ने गुणून १ मधून वजा केलं की ०.८२. हॉपरचं तोंड ११५ सेंटीमीटरवर असेल तर बॅग १०० सेंटीमीटर वर जाते, ०.८२ मध्ये ४.५ भागिले १०० मिळवले की ०.८६५. अंग ४५ अंशांत वळत असेल तर १ वजा ०.००३२ गुणिले ४५, म्हणजे ०.८५६. सगळ्यांचा गुणाकार येतो जेमतेम ७ किलो. बॅग २५ किलोची, म्हणजे साडेतीन पट. मिनिटाला किती वेळा उचलतात हा गुणक अजून लावलेलाच नाही. तो लावला की मर्यादा आणखी खाली येते. हे सूत्र भारतीय कायद्यात नाही, पण कारखाने कायद्याच्या कलम ३४ मध्ये इजा होईल इतकं वजन उचलायला लावू नये असं म्हटलं आहे. 'इतकं' म्हणजे किती, याचं उत्तर आकड्यात दिलं की समोरचा 'पंचवीस किलो म्हणजे काय जड' असं सहज म्हणू शकत नाही. पॅलेटची उंची बदलायच्या आत फोटो काढून ठेवा. दावा दाखल झाला की पुष्कळदा त्या जागी टेबल येतं, जे आधीच यायला हवं होतं.

पैशाचा हिशेब बघू. सरासरी रोजची मजुरी ६०० रुपये धरा. अपघात मान्य झाला तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्क्यांनी, रोज ५४० रुपये. त्यासाठी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम करता आलं नाही, एवढंच बघतात. अपघात नामंजूर झाला तर साधा आजारपणाचा लाभ मिळतो, ७० टक्के म्हणजे ४२० रुपये, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. रोजचे १२० रुपये आणि नंतरचं सगळं आयुष्य, एवढा फरक त्या पहिल्या कागदावर लटकलेला असतो.

ज्यांचा अपघात काही केल्या सिद्ध होत नाही त्यांच्यासाठी मधली एक वाट आहे. ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत, जिथे क्षय आणि कर्करोग आहेत, तिथेच चकती सरकण्याचा आजारही आहे. दोन वर्षं सलग विमापात्र नोकरी आणि चार वर्गणी-काळांत (एक काळ सहा महिन्यांचा) मिळून १५६ दिवसांची वर्गणी असेल, तर ९१ दिवस संपल्यावर ८० टक्क्यांनी लाभ सुरू राहू शकतो. आजार आणि उपचार कसे आहेत त्यावर तो दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. मात्र डॉक्टरांच्या दाखल्यावर निदान 'कंबरदुखी' असं असेल तर यादीत बसत नाही. 'चकती सरकली' असं नेमकं निदान हवं. दाखल्यांत खंड पडू देऊ नका. एका आठवड्याचा दाखला राहिला तर त्या आठवड्याचे पैसे गेले, आणि कंपनीच्या दृष्टीने तुम्ही विनापरवानगी गैरहजर. हा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही (कलम ७३), पण त्या संरक्षणाचा पुरावाही तो दाखलाच आहे.

उपचार संपून अंतिम दाखला मिळाला आणि तरीही वाकता येत नाही, पायात कमजोरी राहिली, तर कायमच्या अपंगत्वाचे टक्के ठरवायला ईएसआयचं मेडिकल बोर्ड. बोर्डापुढे जाताना आम्ही प्रत्येकाला एकच पान तयार करायला सांगतो: अपघाताआधी पाळीत मी काय काय करायचो (वजन, उंची, किती वेळा, किती तास उभा) आणि आज त्यातलं काय होत नाही. बोर्डाला पाहायची असते कमाईची क्षमता किती घटली ते. जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं, ते शरीराचं माप आहे. कारकुनाच्या पाठीतले १० टक्के आणि हमालाच्या पाठीतले १० टक्के कमाईच्या हिशेबात सारखे नसतात, आणि हे बोर्डापुढे कामगारानेच बोलावं लागतं, कारण त्याचं काम कसं असतं हे त्या खोलीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. २० टक्के लागले तर ५४० चे २० टक्के, रोज १०८ रुपये, म्हणजे महिन्याला ३,२४० च्या आसपास. हे तहहयात मिळतात आणि दुसरीकडे काम करत असलात तरी मिळतात. टक्के कमी वाटले तर निर्णय कळल्यापासून ३ महिन्यांत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा विमा न्यायालयात जायचं.

ठेकेदाराने नोंदणीच केली नव्हती, हे उत्तर ऐकून लोक परत फिरतात. फिरू नका. ईएसआयमध्ये वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे ठेकेदाराची नव्हे तर कारखान्याची असते, आणि त्याने ती भरली नाही म्हणून लाभ अडत असेल तर ईएसआय महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं (कलम ६८). गेटपासचा फोटो, बँकेत आलेला पगार, पाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे संदेश, यांतलं जे असेल ते सांभाळा.

ज्यांना ईएसआय नाही, म्हणजे महिन्याचा पगार २१,००० च्या वर आहे किंवा कामगार दहापेक्षा कमी आहेत, त्यांचा रस्ता १९२३ च्या कायद्याचा. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून हे दावे चालवतात. मुदत अपघातापासून २ वर्षांची. उशिराचं सबळ कारण असेल तर माफी मागता येते. दावा अपघात झाला तिथेच लावायला हवा असं नाही. पुण्यात काम करणारा बीडचा कामगार गावी परतला असेल तर तो राहतो तिथल्या आयुक्ताकडे लावू शकतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हीच सोय मोठी आहे. वय ४०, महिन्याची मजुरी १५,००० (पगार जास्त असला तरी २०२० पासून हिशेब एवढ्यावरच होतो), कमाईच्या क्षमतेतली घट ३० टक्के धरू. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्यातल्या वयाच्या तक्त्यात चाळिशीचा गुणक १८४.१७, गुणाकार १६,५७,५३०, त्याचे ३० टक्के ४,९७,२५९ रुपये. अपघातानंतर महिन्याभरात रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, आणि उशिराला कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. घट किती हे सांगणाऱ्या डॉक्टरांना न्यायालयात साक्षीला यावं लागतं. नुसतं प्रमाणपत्र जोडून बसलेले दावे इथेच पडतात, म्हणून प्रमाणपत्र घेतानाच 'साक्षीला याल ना' हे विचारून घ्यावं. दरम्यान कुणी स्टँप पेपरवर पन्नास हजारांत 'पूर्ण व अंतिम' सही मागेल. हक्क सोडून देणारा असा करार कलम १७ नुसार रद्दबातल आहे, पण सही असली की वर्षभर त्यावरच वाद चालतो. तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवून घ्या.

मनगटाचं, खांद्याचं, गुडघ्याचं दुखणं मात्र असं एका क्षणात येत नाही. शिलाई खात्यात कात्री चालवणारी बाई, दिवसभर स्क्रू-गन धरणारा मुलगा, उकिडवं बसून फरशी बसवणारा गवंडी: यांना कळ येते ती वर्षानुवर्षं, रात्री बोटं बधिर होऊन जाग येते तेव्हा. दावा कोणत्या तारखेचा घालणार? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या यादीत हे सगळे आजार नावानिशी आहेत: कार्पल टनेल (मनगटात नस दाबली जाणं), एपिकाँडिलायटिस (कोपराच्या हाडाजवळचं दुखणं), गुडघे टेकून किंवा उकिडवं बसून काम केल्याने फाटणारी गुडघ्यातली गादी. आपल्या अनुसूचीत एकही नाही. १९२३ च्या कायद्यात राज्य सरकारलाही ३ महिन्यांची सूचना देऊन अनुसूचीत भर घालण्याचा अधिकार होता. चाकण, वाळूज, बुटीबोरी, सातपूर असे औद्योगिक पट्टे असलेल्या राज्याने तो या आजारांसाठी वापरायला हवा होता, असं आमचं ठाम मत आहे.

तोवर काय करता येतं? नसेच्या वहनाची तपासणी, ज्याला एनसीव्ही म्हणतात, ती ईएसआयमधून करून घ्या. ऑपरेशनही तिथेच होतं. आजारपणाचा लाभ घ्या. दाखल्यावर डॉक्टरांकडून 'पुनरावृत्तीच्या कामाशी संबंधित' एवढं लिहून घ्या. आज त्याने भरपाई मिळणार नाही, पण हलकं काम मागायला आणि त्या लाइनवर अजून किती जणांची बोटं बधिर आहेत हे कारखाना निरीक्षकापुढे मांडायला तोच कागद लागतो. पाच जणांचे पाच एनसीव्ही एका अर्जाला जोडले, तेव्हा ज्या लाइनवर वर्षभर काही हललं नव्हतं तिथे स्क्रू-गन स्प्रिंगला टांगलेली आम्ही पाहिली आहे.

शेवटची गोष्ट बोर्डाच्या कागदाची. टक्के कधी कधी 'तात्पुरते' दिलेले असतात आणि पुन्हा तपासणीची तारीख खाली बारीक अक्षरात असते. तोवर कामगाराने कारखाना सोडलेला असतो, खोली बदललेली असते, पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतं आणि पैसे थांबतात. पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला की त्याच आठवड्यात शाखा कार्यालयात लेखी द्या, आणि पोच त्याच फायलीत लावा जिच्यात पहिल्या दिवसाची नोंद आहे.